लांडग्याच्या तोंडून सुटलेली शेळी

मी लांडग्यांवर काम करते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग लग्नाचं विचारतात. डोंगरकड्यात आमच्या गल्लीतली पोरं मला 'लांडगेवाली' म्हणतात. आई ते ऐकून अजूनही चिडते. एवढं शिकलेली पोरगी बँकेत लागली असती, असं तिचं म्हणणं. बँकेत माझा जीव गुदमरेल हे तिला समजावणं मी कधीच सोडून दिलंय. कळमनुरी आणि डोंगरकडा यांच्या मधला माळ, त्यावरची हिवराची आणि बोरीची झुडपं आणि पावसाळा सोडला तर कोरडा पडलेला एक नाला, एवढं माझं ऑफिस. तिथल्या एका लांडग्याच्या कुटुंबावर नजर ठेवायची, ते काय खातात, कुठून फिरतात, माणसांच्या किती जवळ येतात हे टिपायचं, असं हे काम.

त्या वर्षी मादीने नाल्याच्या काठात बीळ केलं होतं. थंडीत चार पिल्लं झाली. मी समोरच्या उतारावर बोरीच्या आडोशाला उजाडायच्या आत जाऊन बसायचे आणि ऊन तापलं की उठायचे. या कामाचा पहिला नियम म्हणजे आपण तिथे नाहीच असं वागायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बिळाजवळ तर पाऊलही टाकायचं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच होती, पण मी ती निमूटपणे भोगत होते, कारण दुर्बिणीतून ती पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळताना दिसली की दिवसभराचा राग उतरायचा.

पिल्लं अगदी लहान होती तेव्हाच नर मेला. नाल्याच्या वरच्या अंगाला पळसाखाली तो मला सापडला, कुत्र्यांनी फाडलेला. मला खात्रीच वाटली की कुणीतरी विष घातलंय. असं होतं आमच्याकडे. मेलेल्या वासरात औषध घालून ठेवतात. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, उरलंसुरलं जाळून टाकलं. तपासायला पाठवावं असं काही शिल्लक नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्या शिवारातल्या प्रत्येकाकडे संशयाने बघत होते. मादी मात्र टिकली. गेल्या वर्षीचं तिचं एक मोठं पिल्लू सोबत राहिलं होतं, ते शिकार आणायचं.

त्याच नाल्याच्या अलीकडे तांड्यावरच्या एका शेतकऱ्याचं रान आहे. तूर निघाली की तो आपल्या रानात मेंढ्या बसवतो. म्हणजे धनगराचा कळप काही आठवडे त्या मोकळ्या रानात मुक्कामाला ठेवायचा. लेंडीखत रानाला मिळतं, धनगराला धान्य मिळतं. साखऱ्याकडचं एक धनगर जोडपं दर वर्षी खाली उतरून या भागात यायचं, या रानातून त्या रानात. बाईला मी मावशी म्हणते, तिच्या नवऱ्याला काका. मावशी पन्नाशीची, काटक, जिभेला धार. पहिल्याच वर्षी तिने मला विचारलं होतं, "लांडगं बघायचे पैशे देतेत व्हय तुला? मग मला काहून देत न्हाईत? म्या तर जलमापासून बघून राहिली." तेव्हापासून आमचं जमलं. सकाळचं काम संपलं की मी मोटरसायकल तिच्या पालापाशी लावायचे, चहा प्यायचे आणि मग घरी.

त्या दिवशी चैत्राचं ऊन सकाळीच चटका देत होतं. मी पालाजवळ पोचले तर काका मेंढ्या घेऊन चारायला गेलेले आणि मावशी शेळीशी झटत बसलेली. तिची एक तांबडी दुभती शेळी होती, फार लाडाची. मावशीने तिला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं होतं आणि उजवा हात तिच्या तोंडात मनगटाच्याही आत घातला होता. शेळीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ती ओरडत होती, पण आवाज शेळीचा वाटत नव्हता. घोगरा, फाटलेला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"कालपून खाईना, पाणी बी पिईना. बाभळीचा काटा अडकला आसंल घशात. हाताला लागून नाही राहिला."

धनगरांच्या बायका हे रोज करतात. मेंढीचं अडलेलं कोकरू हाताने ओढून काढायचं, जनावराच्या घशात काही रुतलं तर बोटं घालून काढायचं, जखम झाली तर हळद हातानेच भरायची. त्यांचं सगळं डॉक्टरकाम हाताने चालतं. पण ती लाळ, तो आवाज आणि गिळता न येणं, हे तिन्ही एकत्र मी वर्गात शिकले होते.

"मावशी, हात काढ. आत्ताच्या आत्ता काढ बाहेर."

"आगं थांब की, सापडंल आता."

मी तिचं मनगट धरून ओढलंच. तिला राग आला. हाताकडे बघितलं तर बोटांच्या पेरांना भेगा, अंगठ्यावर बोरीच्या काट्याचे ताजे ओरखडे आणि त्या सगळ्यावर चकाकणारी लाळ. मी शेळीला खुंट्याला आखूड बांधलं. मग मावशीला पिंपापाशी नेलं, पिशवीतला साबण काढला आणि तिचा हात कोपरापर्यंत चोळायला लागले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. पाणी शेतकऱ्याच्या बोअरवरून भरून आणलेलं, मोजकं. ते मी असं ओतते आहे हे बघून ती आणखीच वैतागली.

"येडी झाली का गं पोरी? पिंप मोकळा करशील."

"शेळीला कुत्रं चावलं होतं का?"

"न्हाई."

"कोल्हा?"

"न्हाई म्हनलं ना."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मावशी खोटं बोलताना नजर चुकवते, हे मला ठाऊक होतं. शेळीच्या गळ्यात पिवळ्या कापडाची चिंधी बांधलेली होती आणि कपाळावर भंडारा लावलेला होता. हे आधी नव्हतं. निदान माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी जवळ जाऊन नीट बघितलं. वरच्या ओठाशी आणि नाकाडावर भरून आलेल्या जखमांचे वण होते, दातांच्या अंतराने पडलेले.

"मावशी, खरं सांग. हिला लांडगा चावलाय ना?"

तिने आसपास कुणी नाही ना ते बघितलं. मग शेळीला पाठमोरी होऊन हळूच बोलली. त्यांच्या घरात एक रीत आहे. लांडगा जे घेऊन जातो तो त्याचा वाटा, त्याबद्दल रडायचं नाही. पण त्याच्या तोंडून जे जनावर सुटतं ते देवाने परत दिलेलं. ते विकायचं नाही, कापायचं नाही. आणि त्याचं कुणापाशी बोलायचं नाही, कारण बोललं की लांडगा आपला वाटा मागायला परत येतो. म्हणून तिने मला सांगितलं नव्हतं. मी रोज येऊन लांडग्यांचंच विचारत होते आणि ती रोज दुसरंच काहीतरी सांगत होती.

"कधी आला होता?"

"तू तो मेलेला लांडगा दाखवाया नेलं ना यांना, त्याच्या चार-सा रोज आधी. भरदुपारी. मेंढ्या उभ्या व्हत्या, म्या इथंच भाकरी करून राहिली व्हती. सरळ चालत आला. हिच्या तोंडाला चावला. न्यायचं तर नेईना, सोडायचं तर सोडीना. यांनी काठी घातली तरी पळाला न्हाई. मंग त्यो जाळीलाच चावत बसला बघ, कोकरांच्या जाळीला. अन् मंग निघून गेला आपला, हळूहळू."

लांडगा भरदुपारी माणसांच्या देखत कळपात येत नाही. आलाच तर घेऊन जातो. जाळी चावत बसत नाही. काठी खाऊन हळूहळू चालत जात नाही. म्हणजे कुणी विष घातलंच नव्हतं. मी ज्यांच्यावर महिनाभर मनातल्या मनात खुनाचा आरोप ठेवला होता ती माणसं त्यांच्या त्यांच्या कामात होती. नर पिसाळून मेला होता. आणि मरायच्या आधी त्याने या शेळीत तो रोग सोडला होता, आणि आज सकाळी मावशीने तिच्या तोंडात भेगाळलेला हात घातला होता.

"मावशी, कळमनुरीला चल. इंजेक्शन घ्यायचंय."

"मला कुठं चावलं? शेळीच हाय ती."

"शेळीच्या लाळेतूनही होतं. तुझ्या हाताला भेगा आहेत."

"आगं, कुत्रं पिसाळतं. लांडगा पिसाळत न्हाई. देवाचं जनावर हाय त्यो." आणि मग तिने पदर खोचला, म्हणजे विषय संपला. "यांच्या बगर कळप टाकून म्या कुठं बी येणार न्हाई. काटाच हाय घशात. निघंल."

त्याच वेळी तांड्याकडून शेतकरी येताना दिसला. रान किती खतावलं ते बघायला तो दर दोन दिवसांनी यायचा. बांध ओलांडून तो आमच्या दिशेने चालत होता, अगदी हाकेच्या अंतरावर. मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं की पुढे काय होणार आहे. मावशीला हलवायचं असेल तर मला एकच वाक्य बोलावं लागणार होतं, आणि ते वाक्य या माणसाच्या कानावर पडलं की नाल्यातल्या पिल्लांचं काही खरं नव्हतं. मी आवाज खाली आणू शकत होते. तो जवळून जाईपर्यंत थांबू शकत होते. पण मावशी उठून पुन्हा शेळीकडे निघाली होती, हात पुढे करून.

"मावशी!" मी ओरडले. "लांडगा पिसाळला होता! तो पिसाळूनच मेला! ही शेळी आता मरणार, आणि इंजेक्शन नाही घेतलंस तर तूही मरशील!"

मावशी थांबली. शेतकरीही थांबला.

"कोन पिसाळला?" त्याने विचारलं.

त्याला उत्तराची गरज नव्हती. तो शेळीकडे बघत होता, मग मावशीच्या ओल्या हाताकडे, मग नाल्याकडे. नाल्यात लांडग्याचं बीळ आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. खरं तर त्यानेच मला ते दाखवलं होतं, आपल्या रानातलं एखादं जुनं झाड दाखवावं तसं. माणूस वाईट नव्हता, आणि हेच मला जास्त अवघड जात होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"मॅडम, आमची लेकरं त्या नाल्याला खेळतेत," तो म्हणाला.

"पिल्लं चांगली आहेत. मी कालच बघितलीत, खेळत होती. मी वनखात्याला फोन करते, ते येतील, बघतील. तोपर्यंत तुमी काही करू नका."

"तुमी मावशीला न्या," तो म्हणाला आणि खिशातून मोबाईल काढला. "वेळ नका घालू."

त्याने 'काही करत नाही' असं म्हटलं नाही. ते लक्षात आलं नाही असं मी नाटक केलं.

मी काकांना फोन लावला, ते धावतच कळप वळवून आले. त्यांना चार गोष्टी बजावल्या: शेळीला हात लावायचा नाही, दूध काढायचं नाही, मेली तर कापायची नाही, सोलायची नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि मावशी माझ्या मागे मोटरसायकलवर बसली. रस्त्याला लागल्यावर मी ओळखीच्या वनरक्षकाला फोन केला. तो दुसऱ्या टोकाला वणवा विझवत होता. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. संध्याकाळ फार लांब होती.

त्या दिवशी कळमनुरीचा बाजार होता. टेम्पो, बैलगाड्या, मिरच्यांची पोती, सगळं रस्त्यावर उतरलेलं. मी हॉर्नवरचा अंगठा उचलत नव्हते. मावशी डाव्या हाताने माझा खांदा धरून बसली होती. उजवा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "तू बी त्या शेळीला लई कुरवाळतीस. तू घेशील का इंजेक्शन?"

"मी कामाला लागले तेव्हाच घेतलंय," मी म्हणाले. "आता वरचे डोस लागतील तेवढे घेईन."

मला ते वाक्य जिभेवर कडू लागत राहिलं. लांडग्याच्या आसपास फिरायचं म्हणून मला कागदावर सही घेऊन आधीच टोचलं होतं. तिचं सगळं आयुष्य लांडग्याच्या आसपास गेलं होतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दवाखान्यात खिडकीवरच्या सिस्टरने विचारलं, "कुत्रं चावलं?"

"न्हाई," मावशी म्हणाली.

"मांजर? माकड?"

"न्हाई."

"मग काय झालं?"

"शेळीच्या तोंडात हात घातला."

रांगेतली दोन माणसं हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण पुढे आम्हाला वाट मिळाली. डॉक्टर तरुण होता, शांत. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग स्पिरिटचा बोळा तिच्या बोटांवरून हळूहळू फिरवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. जिथे ती कळवळली तिथे त्याने पेनाने खूण केली. अंगठा, दोन पेरं, तळव्याची कड. चार ठिकाणी कातडी उघडी होती.

"ह्या भेगांतच टोचावं लागेल, मावशी," तो म्हणाला. "दुखेल."

"अन् न्हाई घेतलं तर?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, एकदा हा रोग दिसायला लागला की जगात त्यावर औषध नाही. तहान लागते, पण पाणी समोर आलं की घसा आवळतो. वारा अंगावर आलेला सोसत नाही. आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. "आज तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. "नंतर माझ्या हातात बी नसेल."

मावशीने हात पुढे केला. सुई बोटाच्या पेरात गेली तेव्हा तिने माझं मनगट असं आवळलं की काचेची बांगडी पिचली. ती ओरडली नाही. डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार मात्र केला, हळू आवाजात, सलग. तो मान खाली घालून आपलं काम करत होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी रडूच आलं. पुढच्या इंजेक्शनांचं कार्ड तिने कमरेच्या पिशवीत घातलं, आणि एकही चुकवायचं नाही हे डॉक्टरने तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. काका रस्त्यापर्यंत येऊन उभे होते. मावशीला त्यांनी धरून उतरवून घेतलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तांड्यावरचे आले व्हते. दगडं घेऊन गेले नाल्यात."

मी पळत सुटले. काका मागोमाग आले. बिळाचं तोंड दगडांनी गच्च भरलेलं होतं, वरून ओली माती लिंपली होती आणि त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. माणसं निघून गेली होती. समोरच्या टेकाडावर मादी उघड्यावर उभी होती. इतक्या महिन्यांत ती मला कधी अशी दिसली नव्हती. लपायचं ती विसरूनच गेली होती. दोन पावलं पुढे यायची, परत फिरायची.

मी गुडघ्यांवर बसून कान लावला. आतून कूं कूं आवाज येत होता. आणि नख्यांचा, मातीवर ओरबाडल्याचा.

"काढू का दगडं?" काकांनी विचारलं. ते बाह्या सरसावून तयारच होते. ज्या माणसाच्या बायकोला मी सकाळी गाडीवर घालून नेलं तो माणूस त्या घडीला मी म्हणेन ते करणार होता.

मी हात करून त्यांना थांबवलं. कारण मला माहीत होतं की मरायच्या आधी नर याच बिळात येत-जात असणार. त्याने पिल्लांना चाटलं असेल का, चावा घेतला असेल का, मला ठाऊक नव्हतं. काल ती धडधाकट खेळत होती. पण शेळीही परवापर्यंत धडधाकट होती. हा रोग कित्येक महिने अंगात गप्प बसू शकतो. हे दगड मी काढले आणि पुढच्या महिन्यात यातलंच एखादं पिल्लू कुणाच्या कळपात शिरलं तर? नाही काढले तर ती रात्रभर आत ओरडतील, उद्याही ओरडतील. वनरक्षकाला परत फोन लावला, तो लागला नाही.

"काका, तुमी मागं जा. लांब. तुमाला इंजेक्शन नाही दिलेलं," मी म्हणाले.

ते बांधावर जाऊन उभे राहिले. मी अंगातलं जाकीट हातांना गुंडाळलं आणि दगड ओढायला लागले. वरचे निघाले, खालचे एकमेकांत अडकले होते. घामाने डोळे चुरचुरत होते. मी लांडग्यांच्या नावाने रडत होते आणि लांडग्यांनाच शिव्या देत होते. शेवटचा मोठा दगड सुटला तेव्हा मी बाजूला झाले आणि नाला चढून काकांपाशी आले. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पिल्लू बाहेर आलं, अंग झटकलं आणि शिंकलं. त्याच्यामागे बाकीची तिन्ही. मादी टेकाड उतरून सरळ त्यांच्याकडे आली, आमच्या देखत, आणि त्यांना घेऊन वरच्या माळाकडे निघून गेली. ती पुन्हा त्या बिळाकडे फिरकली नाही.

काकांनी डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसलं. "बराबर केलं का आपन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चला, अंधार पडेल."

शेळी दुसऱ्या दिवशी मेली. जनावरांच्या डॉक्टरने येऊन बघितलं, तपासायचं ते घेतलं आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला लावली. काही दिवसांनी त्यांचा निरोप आला: पिसाळलेलीच होती. कळप त्या रानातून पुढे सरकला, पण मी मावशीला दर वेळी शोधून काढलं, कधी एका गावाच्या शिवारात, कधी दुसऱ्या, आणि प्रत्येक इंजेक्शनला स्वतः गाडीवर घालून नेलं. वाटेत ती पूर्वीसारखीच बोलायची, माझ्या लग्नावरून टोमणे मारायची. मला वाटलं, संपलं एकदाचं. मादी आणि पिल्लं मात्र मला त्या दिवसानंतर दिसलीच नव्हती.

शेवटचं इंजेक्शन झालं. दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली आम्ही उसाचा रस पीत उभ्या होतो. तिने ग्लास रिकामा केला, पदराने तोंड टिपलं आणि विचारलं, "दगडं तू काढले म्हनं."

काकांनी सांगितलं होतं तर. "हो," मी म्हणाले.

"त्यांच्या आंगात रोग आसंल तर?"

"नसेल, मावशी. चांगली होती."

"शेळी बी चांगली व्हती." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला तू इंजेक्शन दिलं. जीव वाचवला, न्हाई म्हनत न्हाई. माझ्या कळपाला कोन देतं? तांड्यावरच्या लेकरांना कोन देतं? तू त्या येका दिसात मला वाचवलं अन् परत तिथंच सोडलं."

मी खूप काही बोलले. कुत्र्यांना लस टोचायची मोहीम आणते म्हणाले, आणि पुढे ती आणलीही. मादी पिल्लांना माळाच्या पलीकडे घेऊन गेली असेल म्हणाले. जिवंत पिल्लांना दगडाखाली मरू द्यायचं का, असंही विचारलं, जरा रागानेच. आजही मला वाटतं की मी पुन्हा तेच करीन. पण तिने मला जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. ती एसटीने जाते म्हणाली. मी गाडीपाशी उभी राहिले.

पुढच्या वर्षी तूर निघाली, तांड्यावरच्या शेतकऱ्याचं रान मोकळं झालं, पण साखऱ्याची मेंढरं आली नाहीत. त्याने सांगितलं, ते लोक आता दुसऱ्या अंगाला उतरतात, इकडे यायचं नाही म्हणाले.

त्याच हंगामात मला मादी दिसली. सोबत चार तरणेताठे लांडगे, गेल्या वर्षीची पिल्लं. सगळी. एकही आजारी नाही, एकही वेडंवाकडं वागत नाही. इतके महिने उलटून गेले होते. म्हणजे त्यांच्या अंगात काही नव्हतंच. मी त्या बोरीमागे बसून तोंडावर हात दाबून रडले. मग नियम धाब्यावर बसवून तिथूनच मावशीला फोन लावला. तिने उचलला. मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"मावशी, ती पिल्लं मोठी झालीत. सगळी धडधाकट आहेत. त्यांना रोग नव्हताच."

पलीकडे तिने मेंढ्यांना एक हाळी घातली.

"तवा ठाव होतं का तुला?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.